मिझोरामचं लेकरू सोलापुरात वाढवताना

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हल्ली एकच प्रश्न विचारलाय, की कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेमधून दत्तक घेतोय, मूल ईशान्येकडचं मिळतंय, चेहरामोहरा वेगळा आहे, आपल्या सोलापुरात जमेल का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. आमची लेक मिझोरामची राजधानी ऐझॉल इथल्या संस्थेतून आली, तेव्हा ती चालत-बोलत होती, भाताचा घास स्वतः खात होती, म्हणजे अगदी तान्ही नव्हती, त्यामुळे माझं सांगणं जरा मोठ्या मुलांना जास्त लागू पडेल. आणि आधीच सांगते, मला जे कळलंय ते एवढंच की मूल आपल्यासारखं करायच्या मागं लागू नका, घर थोडं मुलासारखं करा. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आधी निर्णयाचं बोलू. काराच्या पोर्टलवर रेफरल येतं, म्हणजे एखादं मूल सुचवलं जातं, तेव्हा फोटो, मुलाचा अभ्यास अहवाल आणि मेडिकल रिपोर्ट असतो, आणि मूल राखून ठेवायला 48 तास मिळतात. त्या 48 तासांत नवरा-बायको दोघंही त्या फोटोतल्या डोळ्यांत अडकतात, ते साहजिकच आहे, पण जे बोलायचं ते होम स्टडी, म्हणजे घरची पाहणी, चालू असतानाच बोलून घ्या, कारण तेव्हा डोकं थंड असतं. सोशल वर्कर घरी येतात तेव्हा चहा-पोहे देऊन "आम्हाला काही फरक पडत नाही हो" असं म्हणून मोकळं होऊ नका. फरक पडतो. चारचौघांत प्रत्येक वेळी कळणारे की हे मूल पोटचं नाही, लपवायची सोयच नाही. हे ज्यांना झेपणार नाही त्यांनी सरळ नाही म्हणावं, त्यात कमीपणा काही नाही, मूल घरी आणून मग परत पाठवण्यापेक्षा ते हजारपट बरं.

ऐझॉलला जायला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना लागतो, आपण भारतातलेच असलो तरी लागतो, तो आधीच काढून ठेवा म्हणजे तिथल्या लेंगपुई विमानतळावर रांगेत ताटकळायला नको. 2025 पासून ऐझॉलजवळच्या सायरंगपर्यंत रेल्वे झालीये, पण सोलापूरहून तेवढा प्रवास लहान मुलाला घेऊन करण्यात अर्थ नाही, हैदराबाद किंवा पुण्यावरून विमानच बरं.

संस्थेत पोचल्यावर फोटोसेशन कमी करा आणि सांभाळणाऱ्या बायकांजवळ बसा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि नेमकी हीच लोक घाईत सोडून देतात. झोपताना एकटी झोपते की कुणाच्या कुशीत, अंधार चालतो का, कशाला घाबरते, रडली की कशानं थांबते, अंघोळ गरम पाण्यानं की कोमट, सगळं विचारा. त्या जे गाणं म्हणून झोपवतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. रोजचे शब्द देवनागरीत लिहून घ्या, पाणी म्हणजे तुई, भात किंवा जेवण म्हणजे चॉ, आई म्हणजे नू, बाबा म्हणजे पा. आमच्याकडं पहिल्या आठवड्यात लेक रात्री उठून "तुई, तुई" करायची आणि सासूबाईंना वाटायचं ती कुणाला तरी हाक मारतीये, मी फ्रिजवर कागद चिकटवल्यावर त्यांनीच तांब्या उशाशी ठेवायला सुरुवात केली. आणि एक, अंगावरचा जुना शर्ट आणि पांघरूण मागून घ्या आणि ते लगेच धुऊ नका. वास येतो, मळकं दिसतं, पाहुणे नाक मुरडतात, मुरडू दे. नव्या घरात त्या लेकराच्या ओळखीचं तेवढंच असतं.

नावाचं बघा. आपल्याकडं मूल आलं की नाव बदलायची भारी हौस, आत्या तर यादीच घेऊन बसलेली असते. तान्हं असेल तर गोष्ट वेगळी, पण तीन-चार वर्षांचं मूल ज्या नावाला वळून बघतं ते काढून घेऊ नका. मिझो मुलींची नावं बहुतेक ई वर संपतात, मुलांची आ वर, आपल्या तोंडात बसायला काही अवघड नाही. आम्ही बारसं केलं, हो, पाळणा नाही पण ओटी, पेढे, घुगऱ्या सगळं, आणि आत्यानं कानात तिचंच नाव सांगितलं. तर आमच्या लेकीनं भर कार्यक्रमात आत्याचा उच्चार दुरुस्त केला, दोनदा. मग पुढं वडिलांचं नाव आणि आडनाव आपल्या पद्धतीनं लागलं, कागदोपत्री पण तसंच.

आता उन्हाचं. हसू नका, खरंच मोठा विषय आहे. ऐझॉल साधारण 1,100 मीटर उंचीवर, हवा गार, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जाऊन बसतो. घामोळ्या, नाकातून रक्त, चिडचिड, भूक जाणं हे सगळं होतं आणि घरचे म्हणतात पोर हट्टी आहे. हट्टी नाही, भाजून निघालीये. सुती झबली, दुपारी अकरानंतर बाहेर नाही, माठाचं पाणी, कूलर, आणि पहिल्या उन्हाळ्यात लग्नकार्यांना सरळ नकार.

डॉक्टरांकडं गेलात की काही गोष्टी स्वतःहून काढा. बऱ्याच लेकरांच्या पाठीच्या खालच्या बाजूला किंवा कुल्ल्यावर निळसर-करडे डाग असतात, जन्मखुणाच त्या, मंगोलियन स्पॉट म्हणतात, आपल्याकडच्या बाळांनाही असतात, पण गोऱ्या कातडीवर ते मुका मार लागल्यासारखे दिसतात. ते फाइलमध्ये लिहून घ्या, नाहीतर उद्या पाळणाघरातली बाई किंवा शेजारीण भलताच अर्थ काढेल. ईशान्येत हिमोग्लोबिन ई हा रक्तातला आनुवंशिक प्रकार बऱ्यापैकी आढळतो, त्यामुळं रक्त कमी दिसलं की नुसतं लोहाचं सिरप सुरू करण्याआधी त्याची तपासणी करायची का ते विचारा. आणि जन्मदात्या आई-वडिलांचा आजारपणाचा इतिहास विचारला की खोटं काही सांगू नका, "माहीत नाही, दत्तक आहे" एवढं डॉक्टरांना पुरतं. दुधाचंही बघा, तिकडच्या जेवणात दूधदुभतं फारसं नसतं, एकदम दोन-दोन ग्लास म्हशीचं दूध पाजलं की पोट बिघडणारच, थोडं थोडं द्या.

खाण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणारे कारण घरातली निम्मी भांडणं तिथंच होतात. मिझो जेवण म्हणजे भात, उकडलेल्या भाज्या, तेल जवळपास नाही, मसाला नाही. आणि आपण कोण तर कडक भाकरी, शेंगाचटणी, झणझणीत आमटी. पहिल्याच दिवशी "हे खायची सवय लागली पाहिजे" म्हणून ज्वारीची भाकरी पुढं ठेवली तर ती ताट ढकलणार. भात द्या, मऊ, रोज द्या, दोन्ही वेळा द्या. तिकडं बाई नावाचा प्रकार करतात, पालक, भोपळ्याचा पाला, शेंगा, मिळेल ती भाजी पाण्यात उकळायची, मिरची, मीठ, चिमूटभर सोडा, झालं. अस्सल पद्धतीत आंबवलेली डुकराची चरबी घालतात, ती आमच्या घरात शक्य नव्हती, तेवढ्यावाचून काही अडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे पाणचट कोण खाणार?" त्यांनी नाही खाल्लं, पोरीनं दोन वाट्या खाल्ल्या. आजारी पडली की सानपियाऊ, म्हणजे तांदळाची घट्ट पेजच की, वरून कोथिंबीर आणि कांद्याची पात. पुढं तीच पोर त्या उकडलेल्या भाजीवर शेंगाचटणी भुरभुरून खायला लागली, हे मात्र तिचं तिनं ठरवलेलं. भाकरीकडं मुलं आपोआप येतात हो, सगळं घर खातंय म्हटल्यावर किती दिवस लांब राहतील.

भाषेच्या बाबतीत आपलं सोलापूर फार सोयीचं गाव आहे. पूर्व भागात घराघरात तेलुगू, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू, आणि सगळ्यांचं मिळून एक मराठी. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरातल्या मुलाला कुणी म्हणत नाही की बाबा तेलुगू विसर मगच तू सोलापूरचा. मग या लेकरालाच का म्हणायचं? पण खरं तेही सांगते, घरात बोलणारं कुणी नसेल तर पाच वर्षांच्या आतल्या मुलाची पहिली भाषा काही महिन्यांत पुसट होते, कितीही जीव काढला तरी. मिझो भाषा सुरांची आहे, एकच अक्षर वेगळ्या सुरात म्हटलं की अर्थ बदलतो, त्यामुळं कागदावरून शिकवणं आपल्याच्यानं होत नाही. गाणी लावा, संस्थेतल्या बायकांना व्हिडिओ कॉल करा, जेवढं राहील तेवढं राहील. लिपी रोमन आहे त्यामुळं पुढं मोठी झाल्यावर तिला स्वतः शिकायचं झालं तर दार उघडं असतं. कॉलवर बोलायला नाही म्हणाली तर जबरदस्ती नको, कधी कधी तो चेहरा बघूनच मुलं कोसळतात आणि दोन दिवस गप्प राहतात. आणि मराठीची काळजी करूच नका, गल्लीतली पोरं महिनाभरात "का बे, काय करलालास" शिकवून टाकतात, ते बालवाडीत बोलू नये हे शिकवायचं काम तेवढं आपलं.

सणावारांत एक चूक सर्रास बघते. ईशान्य म्हणजे सगळं एकच समजतात. बिहू आसामचा, हॉर्नबिल नागालँडचा, मिझो मुलाला बिहूचा ड्रेस घालून फोटो टाकणं म्हणजे सोलापूरच्या पोराला भांगडा करायला लावल्यासारखं आहे. मिझोंचा छापचार कूट असतो मार्चमध्ये, बांबूंच्या मधून उड्या मारत करायचा चेरॉ नाच, आणि नाताळ तर घराघरात. आमच्या लेकीला जेवणाआधी डोळे मिटून हात जोडायची सवय तिकडूनच आलेली. सासूबाई श्लोक म्हणतात, ती तिचं पुटपुटते, भात दोघींचाही तेवढाच गार होतो. डिसेंबरमध्ये गॅलरीत कागदी चांदणी लावतो, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला जाऊन नंदीध्वज बघतो. कुणी विचारतं, मुलीला नक्की कुठल्या धर्मात वाढवताय. मी म्हणते, आधी जेवायला शिकू दे.

आणि आपलं गाव विणकरांचं, याचा उपयोग करून घ्या. मिझो बायका कमरेला पट्टा बांधून मागावर पुआन विणतात, लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र ते. येताना आम्ही एक आणलं. ते कपाटात शोकेसला ठेवलं नाही, थंडीत ती पांघरते, सोलापुरी चादरीच्या खाली पुआन, दोन्ही. ओळखीच्यांच्या कारखान्यात तिला यंत्रमाग दाखवायला नेलं तेव्हा त्या आवाजानं कान झाकून घेतले, पण तिथल्या तेलुगू आजोबांनी पुआनची किनार हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, उलटी करून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, "ह्ये मागून पण स्वच्छ हाय." पोरगी दिवसभर सगळ्यांना मागची बाजू दाखवत फिरली. तिच्या मुलखाचं कौतुक असं कामाच्या माणसाकडून व्हायला पाहिजे, आपण कितीही "वा वा किती छान" केलं तरी मुलांना कळतं.

आता लोक. पार्क चौकात भेळ खाताना, दवाखान्यात, रेल्वेत, प्रश्न येणारच. नेपाळी आहे का? चायनीज दिसते हो! किती गोरी, गोरी म्हणून घेतली का? हा शेवटचा तर कौतुकानं विचारतात. खरी आई कुठंय? उत्तर देताना एकच लक्षात ठेवा, उत्तर विचारणाऱ्यासाठी नसतं, शेजारी उभं राहून ऐकणाऱ्या लेकरासाठी असतं. मी म्हणते, "आमची लेक आहे, जन्म मिझोरामचा, तो भारतातच आहे," आणि गप्प बसते. तिचा जन्म कसा झाला, संस्थेत का आली, हे कुणालाही सांगत नाही, अगदी सख्ख्या बहिणीलाही नाही. ती गोष्ट तिची आहे, मोठी झाल्यावर कुणाला सांगायची ते ती ठरवेल. फेसबुकवर तर अजिबात नाही.

आपल्या गावचे डॉक्टर कोटणीस 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, तिथंच लग्न केलं, तिथंच 1942 मध्ये गेले, त्यामुळं सोलापुरात एक गोड प्रकार होतो, लोक मुलीकडं बघून प्रेमानं "कोटणीसांची नात" म्हणतात. भावना चांगली आहे हो, स्मारक दाखवायला मीही नेलंय, पण ती चिनी नाही. तिथल्या तिथं दुरुस्त करा, हसून करा पण करा, नाहीतर लेकरू स्वतःलाच परदेशी समजायला लागतं.

"चिंकी", "मोमो" वगैरेला मात्र हसायचं नाही. चिडवणाऱ्या पोराच्या आईशी त्याच दिवशी बोला. घरातले म्हणतील, पोरं आहेत, चालायचंच. नाही चालायचं. 2014 मध्ये अरुणाचलच्या निडो तानियम या विद्यार्थ्याला दिल्लीत लाजपत नगरला दिसण्यावरून चिडवलं, भांडण झालं, मारहाणीत त्याचा जीव गेला, त्यानंतर सरकारनं ईशान्येतल्या लोकांच्या अडचणी बघायला बेझबरुआ समिती नेमली. हे लहान मुलाला सांगायचं नाही पण आपल्याला माहीत पाहिजे, कारण पुढं ही मुलं शिकायला पुण्या-दिल्लीला एकटी जाणार, तेव्हा आई-बाबांचं आडनाव पाठीवर लिहिलेलं नसतं. दहाव्या-अकराव्या वर्षापासून हळूहळू बोलायला लागा, की असं कुणी बोलतं, तेव्हा काय म्हणायचं, कधी तिथून निघून यायचं, कुणाला फोन करायचा.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. 1972 मध्ये तिथल्या काळ्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनं गोऱ्या घरांत काळी मुलं दत्तक द्यायला उघड विरोध केला होता. मला तो विरोध पूर्ण पटत नाही, पण त्यामागचा मुद्दा पटतो, की ज्या घरात कुणालाच हा त्रास झालेला नाही ते घर मुलाला तोंड द्यायला कसं शिकवणार? म्हणून मुलासारखी दिसणारी माणसं शोधा. सोलापुरात फार नाहीत. पुण्यात आहेत, विद्यार्थी आहेत, नोकरीवाले आहेत, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की दुपारपर्यंत पोचता येतं. पहिल्यांदा ओळख काढायला लाज वाटते, वाटू दे. लेक पहिल्यांदा अशा एका ताईच्या शेजारी बसली तेव्हा बराच वेळ नुसती तिच्या केसांकडं बघत होती, मग स्वतःचे केस पुढं घेऊन शेजारी लावून बघितले, तसेच सरळ, तसेच जाड. हे आई म्हणून मी नाही देऊ शकत, कितीही प्रेम असलं तरी.

शाळेत प्रवेश घेतानाच वर्गशिक्षिकेला भेटा. वंशवेल काढून आणा, लहानपणीचा फोटो आणा, आई-बाबांपैकी कुणासारखे डोळे ते लिहा, हे उपक्रम येतातच. आधी सांगून ठेवलं तर बाई "आपल्या घरातली माणसं" असं करतात आणि कुणाचंच अडत नाही. पण वर्गात सगळ्यांसमोर "हिला समजून घ्या" असं भाषण नको, हे स्पष्ट सांगा. वेशभूषा स्पर्धेत हटकून जपानी बाहुलीच करायला सांगतात, आमची यंदा सोलापूरची देवी रूपाभवानी झाली होती, कवड्यांची माळ घालून.

मोठी माणसं म्हणतात, फार पुण्याचं काम केलंत. या वाक्यानं माझं डोकं उठतं. लेकरावर उपकाराचं ओझं टाकायचा हा सभ्य मार्ग आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1874 मध्ये काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, पंढरपुरात प्रार्थना समाजाचं अनाथ बालकांसाठी काम 1875 पासूनचं, म्हणजे आपल्या भागाला हे नवीन नाही, उगाच आम्हाला देव्हाऱ्यात बसवू नका. "आम्हाला मूल हवं होतं, मिळालं" एवढं म्हणायचं आणि विषय बदलायचा. मोठं भावंड असेल तर त्यालाही हेच वाक्य शिकवा, कारण शाळेच्या रिक्षात त्याची उलटतपासणी आपल्यापेक्षा जास्त होते.

दत्तक असल्याचं कधी सांगायचं, हा प्रश्न आपल्याला नाहीच, आरसाच सांगतो. तरी शब्द आपणच द्यायचे, "जन्म दिलेली आई" हा शब्द घरात साधेपणानं वापरायचा, तिच्याबद्दल वाईट एक अक्षर नाही. एक वही करा, संस्थेची इमारत, सांभाळणाऱ्या मावश्या, पहिलं विमान, पहिला शर्ट, आणि ती हाताशी येईल अशा कप्प्यात ठेवा. आमची कधी महिनोन्महिने बघत नाही, कधी एका रात्रीत चारदा. नियमांप्रमाणे अठरा झाल्यावर ती स्वतः आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकते, त्याआधी आई-वडिलांसोबत. जन्मदात्यांची ओळख मात्र गुप्तच ठेवतात, त्यामुळं "शोधून देऊ" असं वचन कधीच देऊ नका, "तुला हवं तेव्हा अर्ज करू" एवढंच म्हणा.

दत्तक आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट असते. घर आवरून सगळं छान दाखवायची ती परीक्षा नाही. झोपत नाही, चावते, कुणी पाहुणा आला की त्याच्याच मागं जायला निघते, जे असेल ते सांगा. समुपदेशनाची सोय मागा, जिल्हा बाल संरक्षण कक्षातही विचारता येतं.

आणि कागद. दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, 1 सप्टेंबर 2022 पासून. त्या आदेशाची, जन्मदाखल्याची आणि आधारची प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स पर्समध्ये. रेल्वेत, लॉजवर, विमानतळावर वेगळ्या चेहऱ्याचं मूल रडताना दिसलं की कुणीतरी पोलिसांना सांगतं, सांगायलाच पाहिजे, मुलं पळवणारेही असतात. चिडू नका, कागद दाखवा, मूल कडेवर असू द्या, आणि मुलाला तेव्हाच्या तेव्हा सांगा की ते काका सगळ्यांचेच कागद बघतात.